कोठीदाराची वही : दीड मिनिटाचा मामला

दिवे घाट आणि बोर घाट असे दोन घाट उतरून, वाशीच्या बाजारात भाजीच्या टेम्पोबरोबर एक विसावा घेऊन, आणि तेथून पुतण्याच्या कोणा मित्राच्या गाडीतून मटाराचे पोते जेव्हा वरळीच्या आमच्या चाळीत दाखल होते, तेव्हा प्रथम मी त्याची सुतळी सोडून आत कोपरापर्यंत हात घालतो. बाहेर डिसेंबरातली सकाळ असते, समुद्रावरून येणारा वारा मुंबईच्या मानाने बोचरा म्हणावा असा असतो, आणि पोत्याच्या पोटात मात्र ताप आलेल्या मुलाच्या कपाळासारखी ऊब हाताला लागते. ही ऊब वाटेतल्या उन्हाची नव्हे. ती शेंगांची स्वतःची आहे. वेलीवरून तोडलेली शेंग मेलेली नसते. ती श्वास घेत असते, दाण्यातली शर्करा जाळीत असते, आणि जळून उरलेल्या शर्करेचे पिष्ट करून, आपल्याला आज ना उद्या मातीत पडून रुजायचे आहे या समजुतीने, बी होण्याची तजवीज करीत असते. तिला पोह्यांत जायचे आहे याची वर्दी तिच्यापर्यंत पोचलेली नसते. सकाळी बांधावर जो दाणा साखरेसारखा लागला, तोच दुसऱ्या दिवशी गॅलरीत सोलताना पिठूळ लागतो, त्याचे कारण एवढेच.

पुरंदरचा वाटाणा ही पुण्या-मुंबईच्या मंडईत पूर्वापार नाव असलेली चीज. पहिल्या पावसावर पेरलेला तो भाद्रपदाच्या आगेमागे बाजारात येतो, आणि ज्याच्या विहिरीला पाणी आहे त्याला दिवाळीच्या सुमारास पुन्हा पेरून मार्गशीर्ष-पौषात दुसरा माल काढता येतो. आमच्या दादाचे रान या दुसऱ्या वर्गातले, म्हणून पोते थंडीतले. तो अर्केल लावतो. त्याचे बी वाळले म्हणजे म्हाताऱ्याच्या तळव्यासारखे सुरकुतते, आणि ज्याला वाटाण्याची माहिती नाही तो ते किडके समजून टाकून देईल. पण गोडवा त्या सुरकुतीतच आहे. ब्रुन येथील मठाच्या बागेत मेंडेलने ज्या वाटाण्यांच्या पिढ्या मोजून १८६५ साली आपला सिद्धान्त वाचून दाखविला, त्यांतला गोल आणि सुरकुतलेला हा भेद पुढे सव्वाशे वर्षांनी, १९९० मध्ये, इंग्लंडातल्या शास्त्रज्ञांनी मुळापर्यंत उलगडला. सुरकुतलेल्या वाणात पिष्टाच्या साखळीला फांद्या फोडणाऱ्या एका घटकाची उणीव असते. त्यामुळे शर्करा पिष्टाच्या खात्यावर पुरती वर्ग होत नाही, दाण्यात साखर आणि पाणी अधिक राहते, आणि वाळताना ते पाणी गेले की साल चुण्या पडून बसते. दादाला हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "म्हंजे खोट हाय म्हणून गोड हाय." शास्त्रज्ञांनाही याहून थोडक्यात सांगता आले नसते.

आता दोन वर्षांपूर्वीची एक कैफियत सांगतो. तिच्यात आरोपी मीच असल्यामुळे कोणाची अब्रू जाण्याचे भय नाही. पोते आले त्या दिवशी चाळीतल्या चार घरच्या बायका आमच्या गॅलरीत सोलायला बसल्या. किलोभर शेंगांतून चारशे-साडेचारशे ग्रॅम दाणे निघतात, बाकी टरफलांचा ढीग; तरी दुपारपर्यंत निम्मे दाणे सौ.ने उकळत्या पाण्यातून काढून, बर्फाच्या पाण्यात बुडवून, पुसून पिशव्यांत भरले होते. इतक्यात तिला माहेरून बोलावणे आले आणि उरलेल्या निम्म्यांचा कारभार माझ्या हाती आला. शेजारच्या काकू म्हणाल्या, "कशाला तो खटाटोप? आम्ही आपले धुऊन तसेच भरतो. काही होत नाही हो." हा सल्ला मी शिरोधार्य मानला, आणि तो मानण्याचे एकमेव कारण तो सोयीचा होता हे होते. सौ.च्या पिशव्यांना तांबडा दोरा होता. माझ्या पिशव्यांना मी पांढरा बांधला. माघापर्यंत तांबड्या-पांढऱ्यांत कोणाला फरक सांगता आला नाही, आणि मी काकूंची पाठ थोपटली.

आषाढात वहिनी पायाच्या दुखण्यासाठी मुंबईत आल्या. बाहेर कोसळता पाऊस, भाजीवाला फिरकलेला नाही, म्हणून पोह्यांसाठी पिशवी उघडली ती पांढऱ्या दोऱ्याची निघाली. दाण्याचा हिरवा रंग विटून शेवाळी पिवळट झाला होता, हे दोरा सोडताच दिसले; पण कढईत वाफ धरली तसा खोलीभर जो वास सुटला, तो मटाराचा नव्हता, गोठ्यातल्या जुन्या कडब्याचा होता. वहिनींनी एक घास घेतला, बशी खाली ठेवली आणि अतिशय सौम्यपणे विचारले, "भावजी, हे आपल्या रानातलं नाय वाटत?" त्या शेंगा त्यांनी स्वतःच्या हातांनी तोडल्या होत्या.

काकूंचे म्हणणे खोटे नव्हते. त्याला मुदत होती, आणि ती मुदत त्यांनी सांगितली नाही. त्यांचे मटार महिन्या-दीड महिन्यात खाऊन संपतात. थंडी ही कोर्टातल्या तहकुबीसारखी आहे. खटला पुढे ढकलला जातो, निकालात निघत नाही. दाण्याच्या पेशींत जी विकरे असतात, ज्यांना आपण एन्झाइम म्हणतो, ती बर्फाच्या कप्प्यातही अगदी मंद गतीने आपले काम रेटीत राहतात. त्यांतले एक दाण्यातल्या अल्पशा स्निग्धांशाला हवेशी जोडून तो खवट कडब्याचा वास निर्माण करते, दुसरी रंगाचा आणि जीवनसत्त्वांचा ऱ्हास करतात. सहा महिने म्हणजे त्यांना भरपूर वेळ झाला. म्हणून गारठविण्यापूर्वी त्यांचा बंदोबस्त करायचा तो उष्णतेने. दाणा शिजता कामा नये, पण त्याच्या आतला हा घरभेदी मात्र निकामी झाला पाहिजे. इंग्रजीवरून जिला ब्लांचिंग म्हणतात ती क्रिया म्हणजे एवढा एकच हुकूम.

वरळीकराला हे तत्त्व नवे वाटण्याचे कारण नाही. आमच्या पिढीने पहाटे केंद्रावर रांग लावून चंदेरी टोपणांच्या बाटल्यांतून आरेचे दूध आणले, आणि वरळीची सरकारी दुग्धशाळा काय करीत असे हे शाळेच्या सहलीत पाहिले. दूध सुमारे ७२ अंशांवर १५ सेकंद तापवायचे आणि लगेच चार अंशांच्या आसपास उतरवायचे. दोन्ही ठिकाणी आधी ऊन, मग तडक गार. त्याहून मौजेचे साम्य परीक्षेत आहे. दूध पुरेसे तापले की नाही हे पाहण्यासाठी प्रयोगशाळा जंतू मोजीत बसत नाही. दुधातले फॉस्फटेज नावाचे एक विकर नष्ट झाले की नाही ते पाहते. मटाराच्या कारखान्यात तीच रुजवात पेरॉक्सिडेज नावाच्या दुसऱ्या विकरावर घेतात. ते चिवटातले चिवट, तेव्हा ते गेले तर बाकीचे गेले असे धरायला हरकत नाही. दाणा चिरडून त्यावर दोन रसायनांचे थेंब टाकायचे. तांबूस-तपकिरी रंग चढला तर घरभेदी शाबूत आहे.

आणि गोठविण्याची आजची विद्या मुळात मासळीची, हेही कोळीवाड्याच्या शेजाऱ्याने लक्षात ठेवण्यासारखे आहे. क्लॅरेन्स बर्ड्‌सआय नावाचा अमेरिकन गृहस्थ पहिल्या महायुद्धाच्या आधीच्या वर्षांत लॅब्राडोरच्या बर्फात राहत असताना त्याने पाहिले, की तिकडच्या वाऱ्यात पाण्याबाहेर काढलेला मासा क्षणात गोठतो आणि महिन्यांनी वितळवला तरी ताज्यासारखा लागतो. सावकाश गोठले तर बर्फाचे स्फटिक मोठे होतात आणि पेशी फाडतात. झटकन गोठले तर ते बारीक राहतात. या एका निरीक्षणावर त्याने यंत्रे उभारली, आणि मार्च १९३० मध्ये मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड गावाच्या दुकानांत गोठविलेला माल विकायला ठेवला. मासळी-मटणाबरोबर मटारही त्यात होता. कच्चीच गोठविलेली भाजी कालांतराने कडब्यासारखी वास मारते, हा माझा आषाढातला शोध तेथील लोकांनी त्याच सुमारास लावून उकळत्या पाण्याचा तोडगा काढला. आपल्या वाळवणाच्या विद्येत सारा भर पाणी घालविण्यावर असतो. सांडगा असो, बोंबील असो, ऊन लागले आणि पाणी गेले की काम झाले. येथे पाणी आत ठेवूनच त्याला कोंडायचे असते. त्यामुळे आजीची शिकवण येथे फारशी उपयोगी पडत नाही, आणि काकूंचा घोटाळा झाला तो येथेच.

कृतीत चार गोष्टींची हयगय चालत नाही. पाणी भरपूर हवे : अर्धा किलो दाण्यांना चार लिटर, म्हणजे दाणे टाकताच आधण बसले तरी मिनिटाच्या आत पुन्हा उसळेल. उसळी फुटली की तेथून घड्याळ लावायचे, आणि दीड मिनिट, फार तर दोन. माझ्या घरी हे काम मी करतो, आणि त्या दीड मिनिटात मी फोन घेत नाही; दारावर कोणी आले तर त्याने थांबावे. पहिल्या अर्ध्या मिनिटात दाण्याचा रंग एकदम खुलतो, कारण सालीखालची हवा निघून जाते. तेथे फसून पुष्कळ लोक झारा घालतात. रंग म्हणजे निकाल नव्हे. खाण्याचा सोडा घालून रंग टिकविण्याची युक्ती तर मी सरळ बेकायदा ठरवीन. सोड्याने हिरवेपणा राहतो, पण दाणा गिळगिळीत होतो आणि क जीवनसत्त्वाची धूप होते.

दीड मिनिटाने दाणे बर्फाच्या पाण्यात, आणि तितकाच वेळ. हे पाणी पंधरा अंशांच्या खाली हवे; मुंबईच्या नळाला तेवढा गारवा पौषातही येत नाही, म्हणून बर्फ आणावा लागतो. पहिल्या वर्षी मी कोळीवाड्याच्या वाटेवर मासळी विकणाऱ्या मावशीकडे फोडलेला बर्फ मागितला. तिने टोपलीवरचा गोणपाट बाजूला करून मला निळसर बर्फ दाखवला आणि म्हणाली, "ह्यो म्हावऱ्याचा हाय, वाटान्याचा नाय." २०१८ साली अन्न व औषध प्रशासनाने फर्मान काढले, की जो बर्फ खाण्यासाठी नाही त्याला निळा रंग द्यावा, लोकांना ओळख पटावी म्हणून. फर्मान माझ्या वाचनात होते, ओळख मावशीने पटविली. तेव्हापासून खाण्याचा पांढरा बर्फ तीच सांगून ठेवते.

मग निथळणे, आणि हे आळसाने करू नये. ओले दाणे पिशवीत घातले की त्यांचा एकच दगड होतो, आणि वाटीभर मटारासाठी वरवंटा शोधावा लागतो. पंचावर पसरून कोरडे करावे, ताटात एकेरी थर देऊन ते ताट कप्प्यात ठेवावे, आणि गारगोट्यांसारखे खणखणू लागले म्हणजे पिशवीत भरून हवा दाबून काढावी. आधणाचे उरलेले हिरवट गोड पाणी आमच्याकडे आमटीत जाते. दाण्यातले जे विरघळून गेले त्यातले थोडे तरी परत मिळते.

कप्प्याविषयी मात्र स्पष्ट बोलले पाहिजे. वर्षभराचा साठा ठेवायचा तर उणे १८ अंश लागतात. एकदारी फ्रीजच्या वरच्या बर्फाच्या खणात बहुधा तेवढी थंडी नसते. त्यावर एक चांदणी असेल तर उणे ६, दोन असतील तर उणे १२, तीन असतील तर उणे १८ असा जुना संकेत आहे, आणि वीजबचतीच्या लेबलावरच्या ताऱ्यांशी त्याचा काही संबंध नाही. गोदरेजने १९५८ साली देशी रेफ्रिजरेटर आणला तेव्हा आमच्या १६० चौरस फुटांच्या खोल्यांत तो कोणी कल्पिलाही नव्हता. आज तो प्रत्येक खोलीत आहे, पण बहुतेकांचा एकदारीच. वरळीच्या बीडीडी चाळींतल्या पहिल्या ५५६ बिऱ्हाडांना ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या सदनिकांच्या चाव्या मिळाल्या, आणि ५०० चौरस फुटांत काय ठेवायचे या चर्चेत मोठा फ्रीज देवघराच्या खालोखाल येतो असे मी ऐकतो. ज्यांच्याकडे एक-दोन चांदण्याच आहेत त्यांनी होळीपर्यंत पुरेल एवढेच भरावे. वीज गेली तर घाबरू नये. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी सारी मुंबई काळोखली, तेव्हा मी कप्प्याच्या दाराला चिकटपट्टी लावून बसलो होतो. गच्च भरलेला आणि न उघडलेला कप्पा दोन दिवस तग धरतो, अर्धा भरलेला एक दिवस.

मंडईतून आणलेल्या शेंगांसाठी हा उपद्व्याप करावा का, असे पुष्कळजण विचारतात. माझे मत, करू नये. त्या शेंगा तोडून दोन-तीन दिवस झालेले असतात, गोडी वाटेतच खर्ची पडलेली असते, आणि तोडल्याबरोबर काही तासांत गोठविलेला कारखान्याचा मटार त्यांहून सरस ठरतो, हे स्वाभिमानाला न मानवणारे सत्य आहे. फक्त उघड्यावर भिजवून विकलेला भडक हिरवा दाणा घेऊ नये; पेल्यात अर्धा तास भिजत घातला आणि पाणी हिरवे झाले, तर तो रंग वेलीचा नव्हे. खटाटोप सार्थकी लागतो तो ज्याच्या घरची वेल आहे त्याचा, आणि तोही त्याच दिवशी केला तर.

येथे दादाचा आणि माझा वाद आहे. मी म्हणतो, पहाटे गारव्यात तोडा, सावलीत पसरा, पोती लहान भरा, म्हणजे आत ऊब धरणार नाही. तो म्हणतो, "पहाटं बाया तू आणून देतोस का?" मजूर दिवस वर आल्यावर येतात, आणि गावाकडेच गोठवावे म्हणून आधण आणि बर्फ यांचा मेळ घालायचा तर वीज कधी असेल याचा भरवसा नाही. त्याचे बरोबर आहे. शेवटी तडजोड अशी निघाली, की विक्रीचा माल तो त्याच्या रीतीने तोडील, आणि आमच्यापुरत्या दहा किलो शेंगा वहिनी आणि तो स्वतः दिवस उगवण्यापूर्वी काढून दोन सैल पिशव्यांतून पाठवतील. येत्या शनिवारी पिशव्या निघणार आहेत. मावशीला बर्फाची लादी सांगितली आहे, काकूंना सोलायला बोलावले आहे, आणि घरातला पांढरा दोरा सौ.ने कोठे ठेवला आहे ते ती सांगत नाही.

— कोठीदार