विदर्भाचा विजय आणि आपली शाळा

आपल्या आदिलाबादहून उत्तरेस निघालेला राष्ट्रीय महामार्ग पैनगंगा ओलांडून पांढरकवडा, हिंगणघाट अशी गावे मागे टाकीत नागपुरास पोहोचतो. नागपूर येण्यापूर्वी, याच रस्त्यावर, जामठा येथे विदर्भ क्रिकेट संघटनेचे विशाल क्रीडांगण लागते. कापसाच्या गाड्यांबरोबर त्या बाजूस जाणाऱ्या आपल्यापैकी अनेकांनी ते पाहिले असेल. परंतु तेथे घडलेल्या संघाने २०१७-१८ च्या हंगामात जे करून दाखविले, त्याचा विचार आपल्या शाळेत व्हावा तितका झालेला नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

विदर्भाचा संघ रणजी करंडकाच्या स्पर्धेत प्रथम उतरला तो १९५७-५८ मध्ये. त्यानंतर साठ हंगाम आले आणि गेले. अंतिम सामना तर राहोच, उपांत्य फेरीचेही दर्शन या संघास झाले नव्हते. मुंबई, दिल्ली, कर्नाटक यांच्या दृष्टीने विदर्भ म्हणजे गुण मिळविण्याचे सोपे ठिकाण. एकसष्टाव्या हंगामात मात्र हा संघ एकही सामना न हरता आपल्या गटात पहिला आला, आणि सुरत येथे केरळचा ४१२ धावांनी पराभव करून उपांत्य फेरीत दाखल झाला.

कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवरील तो उपांत्य सामना हाच आमच्या मते या हंगामाचा खरा कळस होय. विदर्भाचा पहिला डाव १८५ धावांत आटोपला. कर्नाटकाने ३०१ धावा केल्या. एवढ्या पिछाडीनंतर बहुतेक संघ मनाने हरतात. विदर्भाने दुसऱ्या डावात ३१३ धावा जमविल्या आणि कर्नाटकापुढे १९८ धावांचे लक्ष्य ठेवले. शेवटच्या दिवशी सकाळी कर्नाटकाला ८७ धावा हव्या होत्या व तीन गडी शिल्लक होते. शेपटाकडचे फलंदाज नेटाने लढले, एकेक धाव कमी होत गेली, आणि अवघ्या पाच धावांनी विदर्भ जिंकला! रजनीश गुरबानी या तरुण गोलंदाजाने त्या डावात ६८ धावांत ७ आणि सामन्यात एकूण १२ बळी घेतले. हा गृहस्थ स्थापत्य अभियांत्रिकीचा पदवीधर आहे. खेळणारा मुलगा अभ्यासात वाया जातो, असे म्हणणाऱ्या पालकांनी याची नोंद घ्यावी, अशी आमची नम्र विनंती आहे.

इंदूरच्या होळकर क्रीडांगणावर २९ डिसेंबर २०१७ रोजी दिल्लीविरुद्ध अंतिम सामना सुरू झाला. ध्रुव शौरीच्या १४५ धावांच्या बळावर दिल्लीने २९५ केल्या. गुरबानीने लागोपाठ तीन चेंडूंवर तीन बळी घेतले. रणजीच्या अंतिम सामन्यात असा पराक्रम त्यापूर्वी एकदाच, १९७२-७३ मध्ये, तमिळनाडूच्या कल्याणसुंदरम यांनी केला होता. पुढे यष्टिरक्षक अक्षय वाडकर याने १३३ धावा काढल्या. प्रथम श्रेणीतील त्याचे ते पहिलेच शतक. विदर्भाचा डाव ५४७ पर्यंत गेला, दिल्ली पुन्हा २८० त बाद झाली, आणि १ जानेवारी २०१८ रोजी नऊ गडी राखून करंडक विदर्भात आला.

यावर काही मंडळी नाक मुरडतात. ते म्हणतात, हा यशाचा मान बाहेरच्यांचा. प्रशिक्षक चंद्रकांत पंडित मुंबईचे, वसीम जाफर मुंबईचा, गणेश सतीश कर्नाटकाचा. आक्षेप अगदीच खोटा नाही. पंडितांची करडी शिस्त आणि जाफरचा अनुभव यांचे ऋण कोणीही अमान्य करणार नाही. परंतु निर्णायक घडीला कोण उभे राहिले? कर्णधार फैज फजल याने हंगामात ९१२ धावा केल्या, आणि तो नागपूरचा. गुरबानी, वाडकर, वखरे, सरवटे, नेरळ, हे सारे विदर्भाच्याच क्रिकेटमध्ये वाढलेले. पाहुण्याने दिवा लावण्यास मदत केली असेल. तेल व वात घरची होती. २००९ साली संघटनेने निवासी अकादमी काढली, लहान वयातच मुले निवडून त्यांना खेळपट्टी, शिक्षक व सामने मिळवून दिले. भारताचे माजी गोलंदाज सुब्रतो बॅनर्जी यांनी तेथे वेगवान गोलंदाज घडविले. आठ-नऊ वर्षे हे काम चालले, तेव्हा कुठे करंडक दिसला. आणि खाणकामगाराच्या घरातून आलेला उमेश यादव २०११ मध्येच विदर्भाचा पहिला कसोटी खेळाडू झाला होता, हे तर सर्वश्रुत आहे.

आता आपल्याकडे वळू. आपण तेलंगणाचे रहिवासी. आपल्या मुलांची वाट हैदराबादच्या संघाकडे जाते, आणि त्या संघानेही १९३७-३८ व १९८६-८७ मध्ये हा करंडक जिंकलेला आहे. तेव्हा विदर्भाच्या विजयाने आनंदित होणे म्हणजे आपल्या राज्याशी बेइमानी, असे कोणी म्हणेल तर ते आम्हांस मान्य नाही. भाषा आणि सोयरीक पैनगंगेपाशी थांबत नाहीत. पण नुसता आनंद मानून भागणार नाही. राजधानी येथून सुमारे तीनशे किलोमीटर दूर आहे. तेथून कोणी येऊन आपल्या मुलांतील गोलंदाज शोधील, ही आशा फोल. शाळेच्या मैदानावर सभा-मंडप उभारण्याची जितकी तत्परता आपण दाखवितो, त्याच्या निम्मी तरी एक चांगली खेळपट्टी राखण्यात दाखवावी. खेळाचा तास गणितास देण्याची प्रथा बंद व्हावी. आणि चेंडू चामड्याचा असावा; टेनिसच्या चेंडूवर वाढलेल्या मुलास पुढे सारे नव्याने शिकावे लागते.

विदर्भाने पुढच्याच वर्षी, २०१८-१९ मध्ये, नागपुरात सौराष्ट्रास हरवून करंडक राखला. तिसरा करंडक २ मार्च २०२५ रोजी जामठ्यास, आपल्या याच रस्त्यावर, केरळवर पहिल्या डावातील आघाडीच्या जोरावर मिळाला. त्या दिवशी कर्णधार होता इंदूरचा शतकवीर अक्षय वाडकर. आणि केरळच्या संघात, त्याच्या विरुद्ध, खेळत होता त्याचा इंदूरचा जोडीदार आदित्य सरवटे.