तुटक रेघेमागचा पुरावा

उत्प्रेरकात फेनिलच्या जागी नॅफ्थिल बसवला आणि निवडकता वाढली, की ‘स्टेरिक परिणाम’ लिहून मोकळे व्हायचे, ही आपली जुनी सवय. नवी सवय म्हणजे वलय आणि आयन यांच्यात तुटक रेघ ओढून सगळे श्रेय पाय-आंतरक्रियेला द्यायचे. दोन्हींत मोजणी राहून जाते.

आंतरक्रिया खरी आहे, यात वाद नाही. बेंझिनचा इलेक्ट्रॉनसमृद्ध पृष्ठभाग धनायनाला ओढतो. स्क्वालीनपासून होपीन घडवणारे एन्झाइम अरोमॅटिक अमिनो आम्लांच्या आधाराने कार्बोकॅटायन सांभाळते. हार्वर्डमधील एरिक जेकबसन यांच्या गटाने २०१० मध्ये थायोयुरिया उत्प्रेरकाने पॉलिइनचे चक्रीकरण केले, तेव्हा उत्प्रेरकावरचा अरोमॅटिक पृष्ठभाग विस्तारला तशी एनान्शिओमेरिक निवडकता वाढत गेली. तापमान बदलून घेतलेल्या मोजमापांत ही वाढ एन्थाल्पीतून येत असल्याचे दिसले. दावा पटतो तो या मोजमापांमुळे.

हेक्झाफ्लुओरोबेंझिनमध्ये चतुर्ध्रुव आघूर्णाचे चिन्हच उलटते आणि असे इलेक्ट्रॉनन्यून पृष्ठभाग ऋणायनाला जवळ करतात. जिनिव्हातील स्टेफान माटिल यांच्या गटाने २०१३ मध्ये नॅफ्थलीनडायइमाइडच्या पृष्ठभागावर केम्प विलोपन घडवून ऋणायन-पाय उत्प्रेरण मांडले. पुढे त्यांनी मॅलॉनिक आम्लाचे अर्धथायोएस्टर हाताळले. साध्या बेसबरोबर त्यांचे बहुतांशी डीकार्बॉक्सिलेशन होते. बेसला असा पृष्ठभाग जोडला, की नायट्रोऑलिफिनवरील समावेशन वरचढ ठरते. एकाच अभिकारकाचे दोन मार्ग आणि त्यांचे बदलते गुणोत्तर, इतका स्वच्छ निकष क्वचितच हाती लागतो.

२५ अंश सेल्सिअसला संक्रमण अवस्था मोलमागे अवघी ५.७ किलोज्यूलने खाली आली, तरी वेग दसपट होतो. एवढा फरक द्रावक, आयन-युग्म किंवा बेसचा बदललेला पीकेए यांतूनही सहज निर्माण होतो. म्हणून बेस आणि त्याला जोडणारी साखळी तीच ठेवून फक्त वलयाची इलेक्ट्रॉनन्यूनता बदला, आणि अशी निदान तीन-चार संयुगे तपासा. वलयाविना नुसत्या बेसचा प्रयोग करा. स्पर्धक आयन घालून वेग मंदावतो का ते पाहा. संगणकीय मांडणीत द्रावक आणि इतर संरूपे वगळू नका.

लेख पाठवताना ही आकडेवारी, अगदी विरोधात गेलेली असली तरी, सोबत जोडा. ती नसेल, तर आकृतीतली तुटक रेघ काढून टाका.