रुंदेकला ‘वर्ल्ड’च्या खणात कोणी टाकलं?

‘रॉककडून वर्ल्ड फ्यूजनकडे वळलेला क्रोएशियन गायक.’ दार्को रुंदेकची अशी ओळख वाचली की माझं डोकं सरकतं. वळला कुठे?

१९७९ साली झाग्रेबमध्ये त्याचा ‘हाउस्तोर’ बँड सुरू झाला, तेव्हा क्रोएशिया युगोस्लाव्हियात होता. १९८४च्या अल्बमचं नावच ‘त्रेची स्वियेत’, म्हणजे तिसरं जग! रेगेचा ठेका, ट्रम्पेट-सॅक्सोफोन, लॅटिन ताल, सगळं तेव्हापासून होतं. तरी शिक्का न्यू वेव्ह रॉकचा. १९९१मध्ये देश फुटत असताना तो पॅरिसला गेला. पुढे स्विस व्हायोलिनवादक आणि बोस्नियन संगीतकार जमवून ‘कार्गो ऑर्केस्तार’ उभा केला, २००२मध्ये ‘रुके’ काढला. गाणी बहुतेक आपल्याच भाषेत. लगेच हा ‘वर्ल्ड’! खरं तर पत्ता बदलला होता.

लंडनच्या ‘द क्लॅश’नेही रेगे वाजवला. ते मात्र रॉकच राहिले.

‘वर्ल्ड म्युझिक’ हा खण १९८७मध्ये लंडनच्या एका पबमध्ये रेकॉर्ड कंपन्यांच्या लोकांनी ठरवला. दुकानात हा माल ठेवायचा कुठे, एवढीच अडचण होती. मी डेटाबेसवर काम करतो, एका कॉलममध्ये एकच किंमत बसवायचा मोह मला ठाऊक आहे. पण आता दुकान कुठे उरलंय? फोनवर एका गाण्याला दहा टॅग लावता येतात.

लेबलमुळे नवे श्रोते मिळतात म्हणे. मी रुंदेकपर्यंत पोचलो ते जुन्या न्यू वेव्हच्या यादीतून. ‘वर्ल्ड’च्या प्लेलिस्ट मी बघताक्षणी स्किप करायचो, स्पामधल्या संगीतासारख्या वाटतात म्हणून. ‘रुके’ तिथेच पडून होता.