वेशीवरचा पिंपळ

मारेगावच्या एका स्नेह्यांचें पत्र आमच्यापुढें आहे. गांवाच्या मध्यभागीं त्यांचा वडिलार्जित वाडा आहे. तो पाडून तेथें दुकानांची इमारत उठवावी, असें त्यांच्या बंधूंचें मत आहे. त्यांचें स्वतःचें मन मात्र होत नाहीं. वाडा कोणा राजाचा नव्हे. मग तो राखण्याचा हट्ट हा केवळ हळवेपणा नव्हे काय, असें ते विचारतात. प्रश्न एका घरचा असला, तरी लहान गांवांतील अनेक घरांस तो लागू आहे.

निर्णय करण्यापूर्वीं त्यांनीं वणीवरून वर्धा ओलांडून चंद्रपुरास एकदां जाऊन यावें, अशी आमची विनंति आहे. गोंड राजांची ही राजधानी पूर्वीं चांदा म्हणून ओळखली जाई. तिचा दगडी परकोट आजहि उभा असून त्यास जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा व बिनबा अशा चार वेशी आणि पांच खिडक्या आहेत. वेशींवर हत्तीस नमविणारा सिंह कोरलेला आहे. 1818 सालीं इंग्रजांच्या तोफांनीं या तटास खिंडार पाडलें. पण तें एकाच जागीं. पुढें पक्ष्यांनीं टाकलेल्या वड-पिंपळांच्या बियांनीं जी हानि केली, ती मात्र जागोजागीं झाली.

2017 च्या मार्चांत 'इको-प्रो' या स्थानिक संस्थेच्या तरुणांनीं तटावरील झाडझुडूप व कचरा काढण्यास आरंभ केला. दोनशें दिवस हें काम चाललें, तेव्हां त्या वर्षाच्या ऑक्टोबरांत पंतप्रधानांनीं नभोवाणीवरून त्याचा गौरव केला. ज्या कामाचा गौरव झाला, तें मुख्यतः झाडलोटीचेंच होतें, हें आमच्या वाचकभगिनींनीं ध्यानांत घ्यावें.

चंद्रपूरच्या तटास कायद्याचा आधार आहे. 1958 चा प्राचीन स्मारकांचा कायदा व त्यांतील 2010 ची दुरुस्ति यांप्रमाणें संरक्षित वास्तूपासून शंभर मीटरांत नवें बांधकाम करतां येत नाहीं, आणि पुढील दोनशें मीटरांत परवानगी लागते. शेजारच्या गरीब कुटुंबास आपलें घर दुरुस्त करण्यासहि अर्ज करावा लागतो. सर्वांच्या वैभवाचा भार थोड्यांच्याच शिरीं पडावा, हें आम्हांस न्याय्य वाटत नाहीं. अशांस परवानगी तरी सत्वर मिळावी.

आमच्या स्नेह्यांच्या वाड्यास असा कायदा ना तारक, ना मारक. त्याचें भवितव्य भावाभावांच्या बैठकींतच ठरावयाचें आहे. बंधूंची अडचणहि खोटी नव्हे. मुलांचें शिक्षण आठवणींवर होत नाहीं. म्हणून आम्ही मधला मार्ग सुचवितों. रस्त्याकडील दर्शनी भाग, ओटा व माडी राखावी. खालीं दुकानें भाड्यानें द्यावीं. नवें बांधकाम मागील परसांत करावें. पावसाळ्यापूर्वीं कौलें शाकारावीं. चुना-मातीच्या भिंतीस सिमेंटचा गिलावा देऊं नये. ओल आंत कोंडते व भिंत पोखरते. तेथें चुनाच बरा.

राहिला पिंपळ. आपल्या घरांत पिंपळ तोडण्यास हात कचरतो, आणि तेवढ्यांत मूळ भिंतींत खोल जातें. मग रोप उपटूं जातां दगडहि बरोबर येतो. दोन पानांचें असतांनाच तें अलगद काढून देवळाच्या आवारांत लावावें. झाडहि जगतें, भिंतहि राहते.

हळवेपणानें वाडा टिकत नाहीं, हें बंधूंचें म्हणणें आम्हांस मान्य आहे. तो दरवर्षींच्या शाकारणीनें टिकतो. ती करण्याची तयारी असेल, तर त्यांनीं बैठकींत निःसंकोच आपला पक्ष मांडावा. नसेल, तर बंधूंस दोष देऊं नये.