धारवाडच्या शाळेचे दार



“इंग्रज आले म्हणून आपण शिकलो,” असे आपल्या घरांतली वडीलधारी माणसे पुष्कळदा म्हणतात. त्यात तथ्य नाही असे नाही. कंपनी सरकारच्या पलटणीत आपली माणसे शिपाई झाली आणि पलटणीच्या शाळेत त्यांची मुले अक्षरे गिरवू लागली. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हे पलटणीच्याच शाळेत शिक्षक होते. जे मिळाले ते नाकारू नये. पण हिशेबाची दुसरी बाजूही मुलाबाळांना सांगितली पाहिजे.

१८५६ सालची गोष्ट. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होते. तिथल्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला. त्याने जूनमध्ये थेट मुंबई सरकारकडे अर्ज केला. सरकारने २१ जुलै १८५६ रोजी ठराव करून उत्तर दिले. उत्तराचा मथितार्थ असा : न्याय अर्जदाराच्या बाजूने आहे, परंतु एकट्यासाठी त्याला स्पृश्य मुलांत बसवले तर बाकीची मुले शाळा सोडतील आणि शाळा ओस पडेल. म्हणजे न्याय कळला होता, पण तो द्यायचा नव्हता!

कलकत्त्याच्या वरिष्ठ सरकारला हे पटले नाही. सरकारी शाळा सर्व वर्गांना खुल्या आहेत, असे विलायतेतील कंपनीच्या संचालकांनीही १८५८ साली कळवले. तत्त्व कागदावर आले. पण गावोगावच्या शाळेत मुलाला आत घ्यायचे कोणी? ते काम ज्यांच्या हाती राहिले, त्यांनी आपली मुले ओट्यावर नाहीतर दाराबाहेर बसवली. बाबासाहेब १९०० साली साताऱ्याच्या सरकारी शाळेत गेले, तेव्हाही त्यांना वेगळे, गोणपाटावर बसावे लागले. धारवाडच्या अर्जाला तेव्हा ४४ वर्षे होऊन गेली होती.

असे का झाले? साहेबाला राज्य चालवायचे होते आणि त्यासाठी वरच्या जातींचा राग नको होता. गव्हर्नर एल्फिन्स्टन यांनी १८२० च्या दशकातच लिहून ठेवले होते की, खालच्या जातींची मुले हुशार निघतात, पण शिक्षण आधी त्यांच्यात रुजले तर ते पुढे इतरांत पसरणार नाही. वरच्यांना शिकवा, ते खाली झिरपेल, असे हे धोरण. महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे यावरच बोट ठेवले. सारा भरतो शेतकरी आणि त्या पैशावर शिकतात उच्चवर्णीय, असे त्यांनी सांगितले. पुढे १८९० च्या दशकात महारांची लष्करभरतीही बंद झाली. तिच्याबरोबर पलटणीच्या शाळेची वाटही बुजली.

याचा परिणाम काय झाला? इंग्रज गेल्यानंतरच्या पहिल्या, म्हणजे १९५१ च्या जनगणनेत देशाची साक्षरता होती अवघी १८ टक्के. शंभरातील ब्याऐंशी जणांना अक्षरओळख नव्हती. मग गावकुसाबाहेरच्या आपल्या आयाबहिणींची गत काय असेल, याचा विचार करा.

धारवाडचे हे प्रकरण बाबासाहेब विसरले नाहीत. १९२८ साली बहिष्कृत हितकारिणी सभेतर्फे सायमन कमिशनला दिलेल्या निवेदनात त्यांनी ते सविस्तर मांडले. आणि २६ जानेवारी १९५० पासून लागू झालेल्या राज्यघटनेच्या कलम २९ मध्ये स्पष्ट लिहिले गेले की, सरकारी वा सरकारी मदतीच्या शाळेत केवळ जातीच्या कारणावरून कोणालाही प्रवेश नाकारता येणार नाही. त्या मुलाच्या अर्जाला खरे उत्तर मिळाले ते हे, ९४ वर्षांनी!

माताभगिनींनो, कागद आपल्या बाजूने आहे. पण कागद तर १८५८ सालीही आपल्या बाजूने होता. म्हणून मुलाला शाळेत घातले की काम संपले असे समजू नका. तो कुठल्या बाकावर बसतो, दुपारच्या जेवणाला कोणाच्या पंगतीत असतो, वर्ग झाडायला रोज त्यालाच सांगतात काय, हे संध्याकाळी विचारा. खटकले तर दोघी-चौघी मिळून हेडमास्तरांकडे जा. एकट्याच्या अर्जाला सरकार काय उत्तर देते, ते धारवाडने दाखवले आहे.