साहेबानं नाकारलेलं नाणं

दिवाळीपासून माझं आणि माझ्या मावसभावाचं नीट बोलणं नाही. कारण जमिनीची वाटणी नाही, लग्नातला मानपान नाही. कारण एक तांब्याचं नाणं आहे, तेही मी न घेतलेलं.

बाबा एसटीत कंडक्टर होते. अमरावती-यवतमाळ रस्त्यावर, आमच्या नेर परसोपंतवरून, त्यांनी पंचवीसेक वर्षं तिकिटं फाडली. पिशवीत आलेलं एखादं नाणं आवडलं की खिशातले तेवढेच पैसे पिशवीत टाकायचे आणि नाणं घरी आणायचे. सहा कोनी तीन पैसे, चौकोनी पाच पैसे, कमळाचे पितळी वीस पैसे, भोकाचा पैसा. चांदीचे रुपये अर्थातच एसटीत मिळत नसत. ते त्यांनी सराफाकडून घेतले, मुशीत जाण्याच्या आधी, वजनाच्या भावानं. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात हे सगळं राहायचं. ते गेल्यावर डबा माझ्याकडे आला आणि सोबत सव्वा लाखाची एक ठेव. आई म्हणाली, "यातून बाबाच्या डब्यात काही घाल, टीव्ही नको आणू."

भाऊ नागपूरला असतो, शेअरमध्ये पैसे टाकतो आणि त्याला सगळ्यातलं कळतं. त्याच्या ओळखीच्या एका व्यापाऱ्याकडे व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं एक 'पॅटर्न' होतं. भाव सव्वा लाखाच्या बराच वर. भावाकडे त्यावरही उपाय होता. "डब्बा इकून टाक. एकच घे, पण असं घे का अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात कोणापाशी नसन. चिल्लर काय, कोणापाशीबी असते."

पॅटर्न म्हणजे काय, ते आधी सांगतो. नवं नाणं काढायचं ठरलं की टांकसाळ थोडे नमुने पाडून बघते. साहेब लोक ते निरखतात, एखादा मंजूर होतो, बाकीचे फायलीत जातात. ते फायलीतले मोजके तुकडे म्हणजे पॅटर्न, मराठीत नमुना नाणं. (मराठीत 'नमुना' शब्दाला दुसराही अर्थ आहे. तो मी भावाला ऐकवला. अबोला तिथूनच सुरू झाला.) याच्या उलट 'टाइप' गोळा करणारे. चालनात आलेल्या प्रत्येक छापाचं एकेक नाणं जमवायचं, साल कुठलंही चालेल. १९३९चा चांदीचा रुपया दुर्मिळ म्हणून लोक जीव टाकतात. टाइपवाल्याला तोच छाप १९३८चा मिळाला की तो सुखानं झोपतो.

मी ते पॅटर्न हातात घेतलं. खोटं कशाला बोलू, सुंदर होतं. राणीच्या केसांची बट न् बट दिसत होती. ती दिसत होती कारण त्या नाण्यावर कोणाचा अंगठा कधी घासलाच नव्हता. त्यानं मीठ आणलं नव्हतं, सावकाराचं व्याज फेडलं नव्हतं, पोळ्याला बैलाच्या झुलीसाठी खर्च झालं नव्हतं. माझा आक्षेप नेमका इथे आहे. ज्यानं कधी काही विकत घेतलं नाही ते नाणं कसलं? ती नाण्याच्या आकाराची सरकारी चिठ्ठी आहे.

नमुना साहेबानं नाकारलेला असतो. आता लोकांनी नाकारलेलं नाणं बघा. १९११ साली पंचम जॉर्जचा रुपया निघाला. राजाच्या झग्यावरच्या नक्षीत एक बारीकसा हत्ती होता. सोंड इतकी आखूड निघाली की लोकांना ते डुक्कर वाटलं. बाजारात बोभाटा झाला आणि सरकारला तो रुपया मागे घ्यावा लागला. बरेचसे वितळवले गेले. १९१२च्या रुपयावर हत्ती दुरुस्त होऊन आला. विचार करा, ज्या काळात राजाविरुद्ध ब्र काढायची चोरी, त्या काळात बाजारातल्या माणसांनी राजाचे कपडे बदलायला लावले. ही गोष्ट पॅटर्न कधी सांगू शकणार नाही, कारण त्याला बाजारानं कधी पाहिलंच नाही. आणि १९११चा तो रुपया लाखालाखाचा नाही. थोडी धीर धरायची तयारी असेल तर कोणालाही मिळतो.

आमच्या डब्यात सगळ्यात जास्त रुपये १८६२चे आहेत, राणीछाप. बाबांना वाटायचं योगायोग. नाही. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी चालली, तिकडचा कापूस इंग्लंडला जायचा थांबला आणि मँचेस्टरच्या गिरण्या आपल्या कापसाकडे वळल्या. मुंबईत चांदीचा पूर आला आणि तो वऱ्हाडापर्यंत पोचला. शिवाय टांकसाळीनं पुढे १८७४पर्यंत रुपयावर १८६२ हाच आकडा ठेवला. म्हणून ते रुपये 'कॉमन'. व्यापारी हा शब्द नाक मुरडून उच्चारतो. मला मात्र त्या कॉमनपणातच कापसाची ती सगळी तेजी दिसते. आज नेरच्या बाजारात कापसाच्या भावावरून जी घासाघीस चालते, तिचा पणजोबा त्या रुपयात आहे. एकुलतं एक नाणं असतं तर तेजी कशावरून कळली असती?

अजून एक उदाहरण देतो, आमच्या शेजारच्या वाशिम जिल्ह्यातलं. मंगरुळपीर तालुक्यात तऱ्हाळा नावाचं गाव आहे. १९३९ साली तिथे सातवाहनांच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. हजाराहून जास्त नाणी, सगळी पोटिनची, म्हणजे तांब्यात शिसं-कथील मिसळलेल्या हलक्या धातूची. काळपट, वेडीवाकडी. अक्षरं कुठे कडेबाहेर गेलेली, कुठे झिजलेली. आजच्या प्रदर्शनात कोणी वळूनही बघणार नाही. नागपूरच्या वा. वि. मिराशींनी ती वाचली. एकावर अर्धं नाव, दुसऱ्यावर उरलेलं, असं जोडत गेल्यावर कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी असे राजे पुढे आले, ज्यांची नावं पुराणांतल्या याद्यांतही नाहीत. चिल्लरनं राजे शोधून दिले. (शेतात तुम्हाला असं काही सापडलं तर आधी तहसीलदाराला सांगा. १८७८चा निखात निधी कायदा अजून जिवंत आहे आणि त्याची मर्यादा फक्त दहा रुपये आहे.)

भाऊ म्हणतो, हे सगळं भावनेचं झालं, गुंतवणुकीचं बोल. बोलतो. २०२०मध्ये आठव्या एडवर्डचा एक सोन्याचा सॉव्हरिन दहा लाख पौंडांना गेला. गादी सोडल्यामुळे त्याचं नाणं चालनात आलंच नाही, नमुनेच उरले. बातमी खरी आहे. पण ते विकत घ्यायला जगभरचे श्रीमंत रांगेत होते. माझं पॅटर्न मी नेरमध्ये कोणाला विकणार? ज्यानं मला दिलं त्यालाच, आणि तो म्हणेल त्या भावात. दुसरं म्हणजे, मुंबई आणि कलकत्त्याच्या टांकसाळींनी जुन्या ठशांवरून संग्राहकांसाठी नाणी पुन्हा पाडून दिली आहेत, अगदी विसाव्या शतकातही. त्यांना रिस्ट्राइक म्हणतात. मूळ कोणतं आणि पुन्हा पाडलेलं कोणतं, हे ओळखता ओळखता जाणकारांचे डोळे जातात. मी तर कंडक्टरचा पोरगा. व्यापाऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "डबीवर लिहिलंय ना." म्हणजे सव्वा लाख नाण्याचे नव्हते, प्लास्टिकच्या डबीचे होते.

दुर्मिळपणाचं हे वेड फक्त श्रीमंतांचं आहे असं समजू नका. तुमच्या फोनवरही ते येतं: 'वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं आहे? पाच लाख घ्या.' आधी नोंदणीचे पैसे भरा, मग जीएसटी भरा. २०२१मध्ये रिझर्व्ह बँकेला जाहीर सांगावं लागलं की असल्या व्यवहारांत आमचा काही संबंध नाही. नागपूरचा व्यापारी त्या ठगांपैकी नव्हता, हे मान्य. पण 'दुसऱ्याकडे नाही म्हणून भारी' हे गाणं दोघांचंही एकच.

एक गोष्ट मात्र भावाच्या बाजूनं बोलतो. नमुने जपले पाहिजेत. काय होऊ शकलं असतं ते त्यांच्यावरून कळतं, आणि ते वितळले तर पुन्हा मिळणार नाहीत. पण ती जागा संग्रहालयाची, जिथे शाळेतली पोरंही ते पाहतील. माझ्याकडे आलं असतं तर ते अमरावतीच्या एखाद्या बँकेच्या लॉकरमध्ये गेलं असतं. घरात ठेवायची भीती, हातात घ्यायची भीती. बाबांचा डबा कधी लॉकरमध्ये गेला नाही. पावसात लाईट गेली की तो सतरंजीवर उपडा व्हायचा आणि बाबा शिकवायचे: ही चवली, ही पावली, हा ढब्बू. सराफ परक्या रुपयाला कापून घ्यायचा तो बट्टा, तोच नावाला लागतो. सोळा आणे, पै-पै, दमडी हे शब्द मी पुस्तकात नाही शिकलो, चिमटीत धरून शिकलो.

तर ठेव मोडली, डबा नाही मोडला. नागपूरकर भोसल्यांचा एक रुपया घेतला, निजामाचा हाली शिक्क्याचा एक घेतला, १८३५चा कंपनीचा कलदार घेतला. एक शिवराईही घेतली, इतकी झिजलेली की 'छत्रपति'तला 'छत्र' बोटालाच कळतो. आणि बाबांना आयुष्यभर न मिळालेला १९११चा. इतकं घेऊन निम्म्याहून जास्त पैसे उरले. आईनं ते पुन्हा ठेवीत टाकले.

मागच्या आठवड्यात मावसभावाची पोरगी सुट्टीला आली होती. तो स्वतः आला नाही, तिला फाट्यावर सोडून गेला. तिनं डबा उपडा केला, भिंग लावून १९११च्या रुपयाकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "काका, हे तर डुक्करच आहे."