समन्स आले म्हणून दार लावू नये



मकरपुऱ्यात जीआयडीसीच्या पाळ्या सांभाळून संसार करणारी आपली कुटुंबे आहेत. त्यांतल्या एखाद्या घरी बेलीफ घटस्फोटाचे समन्स घेऊन येतो, तेव्हा पहिला सल्ला बहुधा आपल्याच लोकांकडून मिळतो: ‘घेऊ नकोस, सही करू नकोस, देवाला हे मान्य नाही, तू फक्त प्रार्थना कर.’ हेतू चांगला असतो. सल्ला मात्र घातक आहे, असे आम्ही स्पष्ट म्हणतो.

समन्सवरची सही म्हणजे घटस्फोटाला संमती नव्हे. कागद मिळाल्याची ती पोच. कागद नाकारला तरी समन्स बजावले असे कोर्ट धरू शकते, आणि तारखेला कोणीच हजर नसेल तर एकतर्फी निकाल लागू शकतो. ज्या लग्नासाठी बाई उपवास करीत असते (पुरुषही करतो, समन्स त्यालाही येते) ते तिच्या गैरहजेरीत मोडते. मुलांचा ताबा, पोटगी, यांवर तिचे म्हणणे कुणी ऐकलेलेच नसते. लेखी जबाबासाठी सर्वसाधारणपणे 30 दिवस मिळतात. नोव्हेनाला नऊ लागतात. नोव्हेना जरूर करावी, पण वकील त्याच नऊ दिवसांत गाठावा.

सन्हेरीबाचे धमकीचे पत्र आले तेव्हा हिज्कीया राजाने काय केले ते 2 राजे, अध्याय 19 मध्ये आहे. त्याने पत्र घेतले, वाचले, आणि मग मंदिरात जाऊन परमेश्वरापुढे पसरून ठेवले. वाचण्याची पायरी त्याने गाळली नाही. आपल्याकडे तीच अवघड, कारण कागद बहुधा गुजरातीत असतात. भाजीवाल्याशी बोलायचे गुजराती वेगळे, कलमांचे वेगळे. ‘छूटाछेडा’ एवढा एक शब्द कळतो आणि हातपाय गळतात. जाणत्या माणसाकडून ओळ न् ओळ वाचून घ्यावी. कोर्टात उत्तर देणे म्हणजे विश्वास कमी पडणे नव्हे. पौलानेही कैसराकडे दाद मागितली होती.

आपल्याला लागू असलेला कायदा 1869 चा. बडोदा संस्थानाने 1931 मध्ये हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला. ख्रिस्ती पत्नीला कायद्याच्या पुस्तकात नवऱ्याच्या बरोबरीची कारणे मिळायला त्यानंतर आणखी 70 वर्षे, म्हणजे 2001 ची दुरुस्ती, यावी लागली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने खटला चालू असतानाच्या पोटगीचा अर्ज शक्यतो 60 दिवसांत निकाली काढायला सांगितले. वकिलाला पैसे नाहीत म्हणून गप्प बसणाऱ्या बहिणींना एवढेच सांगणे, की 1987 च्या विधी सेवा कायद्याने स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करायचा.

जबाबात मात्र खरे तेच असावे. केस मजबूत करण्यासाठी दोन आरोप वाढवून घालू, असे कुणी सुचवील. खोटी साक्ष कोर्टाच्या कागदावरही खोटीच.

आता चर्चचे. कोर्टाच्या हुकुमाने विवाह-संस्कार सुटत नाही, ही आपली शिकवण आहे आणि आम्ही ती पातळ करणार नाही. उलट, चर्चच्या न्यायासनाने विवाह रद्दबातल ठरवला तरी कायद्याने तो संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये सांगितले आहे. दोन दारे वेगळी. पण कॅथोलिक धर्मशिक्षणाचा ग्रंथ, परिच्छेद 2386, किती जण उघडून बघतात? अन्यायाने सोडून दिलेल्या जोडीदाराने नीतिनियम मोडलेला नाही, असे तिथे स्पष्ट आहे. ती ख्रिस्तप्रसादाला येऊ शकते. तरी ती मिस्साला मागच्या बाकावर सरकते, कारण पुढच्या बाकावर कुजबुज असते. आणि घरात मारहाण असेल तर वेगळे राहायची मुभा चर्चचा कायदाच देतो. तिथे ‘सहन कर’ म्हणणाऱ्याने बायबलचा आधार घेऊ नये.

तारखेच्या दिवशी कोर्टात किती वेळ जाईल सांगता येत नाही, आणि शाळा ठरल्या वेळी सुटते. आपल्या विभागातल्या प्रार्थना गटाने त्या दिवशी मुलांना कोण आणणार आणि कोर्टाच्या बाकावर तिच्या शेजारी कोण बसणार, ही दोन नावे आदल्या रविवारीच ठरवावीत.